दोन यंत्रे, एक तार : सामायिक फाइलींचा पूर्वेतिहास

मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, ही व्यवस्था मनुष्याच्या वस्तीइतकीच जुनी आहे. एकाच्या विहिरीवर शेजाऱ्याने पाणी भरावे, एकाच्या बांधावरून दुसऱ्याने वहिवाट करावी, एकाच्या अंगणातील पाटातून पलीकडच्या कुळागराचे शिंपण व्हावे, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. १८८२ साली भारतीय सुविधाधिकार अधिनियम झाला, तेव्हा कायद्याने या जुन्या व्यवहाराला काही नवे दिले असे नाही. मालकी न सोडता वापराची वाट कशी मोकळी करावी आणि ती कोठवर मोकळी करावी, एवढेच त्याने लेखी केले. हाच प्रश्न गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत एका अगदी निराळ्या क्षेत्रात उभा राहिला. दोन टेबलांवर दोन लहान संगणक आहेत. एकातील कागद दुसऱ्याला वाचावयाचा आहे. मग तो कागद उचलून द्यावयाचा, की जागच्या जागी ठेवून पाहू द्यावयाचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर कसे घडत गेले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो पाहण्यासाठी अ‍ॅपल संस्थेच्या मॅकिंटॉश या यंत्राचे उदाहरण घेणे सोयीचे होईल; कारण सामान्य गृहस्थाला कोणा तंत्रज्ञाच्या मदतीशिवाय दोन यंत्रे जोडता यावीत, हा हेतू त्या यंत्राच्या घडणीत प्रथमपासूनच होता.

मॅकिंटॉश संगणक २४ जानेवारी १९८४ रोजी लोकांपुढे आला. त्याची स्मृती १२८ किलोबाइटांची, आणि लिहिलेले साठविण्याचे साधन म्हणजे ४०० किलोबाइटांची एक फ्लॉपी. यंत्र एका मनुष्यासाठी होते. दुसऱ्याला काही द्यावयाचे झाल्यास फ्लॉपी काढावी, चालत जावे आणि पलीकडच्या यंत्रात घालावी, हाच मार्ग. यात पायांना होणारा त्रास क्षुल्लक होता. खरी अडचण वेगळीच होती, आणि वकिलीच्या धंद्यातील मनुष्याला ती चटकन कळेल. फ्लॉपीवरून नक्कल उतरली, की एका दस्तऐवजाचे दोन दस्तऐवज होतात. एकाने आपल्या प्रतीत एक ओळ बदलली, दुसऱ्याने आपल्या प्रतीत दुसरी. आठ दिवसांनी अस्सल कोणता आणि नक्कल कोणती, हे सांगणारा कोणी उरत नाही. हिशेबाची वही दोन घरांत दोन हातांनी लिहिली जाऊ लागली म्हणजे जो घोळ होतो, तोच हा. कागद एकाच जागी राहावा आणि वाचणारे हात अनेक असावेत, ही गरज यातूनच निर्माण झाली.

परंतु यंत्रे प्रथम जोडली गेली ती कागदांसाठी नव्हे, छपाईसाठी. १९८५ च्या जानेवारीत अ‍ॅपलने लेझररायटर हा प्रिंटर जाहीर केला. त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती आणि त्याच्या पोटातील प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिंटॉशहूनही वेगवान होता. इतके महाग साधन प्रत्येक टेबलावर ठेवणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते. अनेकांनी मिळून एक प्रिंटर वापरावा, तर अनेक यंत्रांना एका तारेवर आणणे प्राप्त झाले. या निकडीतून जी संपर्कपद्धती पुढे आली, तिचे नाव अ‍ॅपलटॉक. तिच्या रचनेचे नेतृत्व ज्यांच्याकडे होते, ते गुरशरण सिद्धू हे मूळचे भारतीय, ही गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. सिद्धू यांनी रिचर्ड अँड्रूज आणि अ‍ॅलन ओपेनहायमर या सहकाऱ्यांसह लिहिलेला 'इनसाइड अ‍ॅपलटॉक' हा ग्रंथ या पद्धतीचा मूळ आधारग्रंथ मानला जातो.

या पद्धतीतील पहिली युक्ती काटकसरीची होती. इतर संगणकांना जाळ्यात यावयाचे, तर एक स्वतंत्र आणि महाग विद्युत्पट्टी विकत घेऊन यंत्रात बसवावी लागे. मॅकिंटॉशमध्ये प्रिंटर जोडण्यासाठी मागे जे छिद्र होते, त्यामागील झायलॉग या संस्थेची चिप सेकंदाला २,३०,४०० बिट इतक्या वेगाने बोलू शकत असे. तेच छिद्र जाळ्याचे दार झाले. उरली ती केवळ तार, आणि प्रत्येक यंत्रामागे एक छोटी डबी. ही तार व डबी यांना पुढे लोकलटॉक असे नाव मिळाले. एका तारेवर बत्तीस साधने आणि एकंदर लांबी ३०० मीटर, ही तिची मर्यादा होती. अमेरिकेतील फॅरलॉन या संस्थेने पुढे आणखी स्वस्त उपाय काढला. 'फोननेट' या नावाच्या तिच्या डब्या घरातील साध्या टेलिफोनच्या तारेवर चालत. त्या तारेत चार सुते असतात. मधली दोन टेलिफोनला लागतात, बाहेरची दोन बहुधा रिकामी असतात. त्या रिकाम्या जोडीवरून यंत्रांचे बोलणे सुरू झाले. मात्र तारेच्या दोन्ही टोकांना एक लहानसा रोधक लावणे आवश्यक असे. न लावल्यास विद्युत्संदेश टोकावर आपटून मागे फिरतो आणि पुढून येणाऱ्या संदेशात मिसळून त्याचा बिघाड करतो. आज जुनी यंत्रे पुन्हा जोडू पाहणाऱ्या हौशी मंडळींना हा हातभर तारेच्या टोकाचा रोधक विसरल्यामुळेच पुष्कळदा अपयश येते. यंत्रे दोनच असतील, तर डब्यांचीही गरज नाही. त्या काळच्या इमेजरायटर-२ प्रिंटरची आठ टाचण्यांची केबल एका यंत्राच्या प्रिंटरच्या छिद्रातून दुसऱ्याच्या प्रिंटरच्या छिद्रात घातली की जाळे पुरे होते.

तार जोडली, आता यंत्रांनी एकमेकांना ओळखावे कसे? प्रत्येक यंत्राला क्रमांक हवा, आणि दोघांना एकच क्रमांक असता कामा नये. बहुतेक पद्धतींत हे क्रमांक कोणी तरी जाणत्याने वाटून द्यावे लागत. अ‍ॅपलटॉकने तो जाणता मनुष्यच वगळला. महाप्रसादाच्या पंगतीत उशिरा आलेला गृहस्थ रिकाम्या पानापाशी येऊन शेजाऱ्याला विचारतो, "येथे कोणी बसले आहे का?" कोणी "हो" म्हटले तर पुढे सरकतो, कोणी बोलले नाही तर बसतो. मॅकिंटॉश सुरू होताना अगदी हेच करीत असे. १ ते १२७ यांतील एक आकडा तो मनाशी धरी, तारेवर प्रश्न टाकी आणि उत्तराची वाट पाही. त्या आकड्याचा धनी अगोदरच हजर असेल तर तो उत्तर देई आणि नवागत दुसरा आकडा धरी. मागल्या खेपेस आपण कोणत्या पानावर बसलो होतो, हेही तो लक्षात ठेवी आणि प्रथम तेच पान विचारून पाही. बोलण्याचीही रीत ठरलेली होती. आधी तार शांत आहे की नाही हे ऐकावे, क्षणभर थांबावे, "बोलू का?" असे विचारावे, पलीकडून "बोला" आले की मगच मजकूर पाठवावा. सभेचे नियम इतक्या कसोशीने पाळणारी सभा मनुष्यांत क्वचितच आढळेल.

आकडे यंत्रांना पुरतात; मनुष्याला नाव लागते. म्हणून प्रत्येक यंत्र स्वतःचे नाव स्वतःच धारण करी. पडद्यावर 'चूझर' नावाचा एक छोटा चौकोन उघडला, की "तारेवर कोण कोण आहे?" अशी हाळी जाई आणि जो तो आपापले नाव सांगे. नावांची वही कोणा एकाच्या हाती नव्हती. वही नाही म्हणून वही हरवण्याची भीती नाही, आणि वही सांभाळणाऱ्या कारकुनाची मर्जीही राखावी लागत नाही.

एवढे सगळे १९८५ साली सिद्ध असूनही कागद सामायिक करण्याची सोय मात्र त्या वर्षी आली नाही. त्या जानेवारीत अ‍ॅपलने 'मॅकिंटॉश ऑफिस' या नावाने जी योजना मोठा गाजावाजा करून मांडली, तिच्यात फाइली सांभाळणारे एक मध्यवर्ती यंत्रही अभिप्रेत होते. ते वेळेवर तयार झाले नाही. 'अ‍ॅपलशेअर' या नावाने ती सोय आली १९८७ साली. आणि आली तीही अशा अटीवर की एक अख्खा मॅकिंटॉश केवळ त्याच कामासाठी बाजूला ठेवावा. कार्यालयाला हे शक्य होते. ज्या घरात यंत्रे दोनच, तेथे त्यांतील एकाला पहारेकरी करून ठेवणे म्हणजे अर्धे घर कुलूपबंद करण्यासारखे होते. ही उणीव बाहेरच्यांनी हेरली. बर्कली येथील सेंट्रम या संस्थेने 'टॉप्स' नावाची प्रणाली काढली. तिच्यात पहारेकरी कोणीच नव्हता. प्रत्येक यंत्र देणारेही आणि घेणारेही. मॅकिंटॉशला आयबीएम धर्तीच्या संगणकाशी बोलते करण्याचे सामर्थ्यही तिच्यात होते. १९८७ साली सन मायक्रोसिस्टिम्स या संस्थेने सेंट्रम विकत घेतली, यावरून त्या कल्पनेचे मोल बाजारानेही ओळखले होते हे दिसते.

ही कल्पना यंत्राच्या मूळ स्वभावातच उतरली ती १३ मे १९९१ रोजी, 'सिस्टिम ७' या प्रणालीबरोबर. तेव्हापासून कोणत्याही मॅकिंटॉशधारकाला, काहीही निराळे विकत न घेता, आपली एखादी फाइलपेटी दुसऱ्यासाठी उघडता येऊ लागली. तिची रीत अशी. प्रथम चूझरमध्ये अ‍ॅपलटॉक चालू करावयाचे. मग 'शेअरिंग सेटअप' या पटलावर तीन गोष्टी भरावयाच्या : मालकाचे नाव, मालकाचा परवलीचा शब्द आणि यंत्राचे नाव. त्याखालची कळ दाबली की दार तयार झाले. नंतर जी पेटी द्यावयाची ती निवडून 'शेअरिंग' ही आज्ञा द्यावयाची आणि तिच्यावर खूण करावयाची. पलीकडच्या यंत्रावर बसलेल्याने चूझर उघडून या यंत्राचे नाव निवडावे, आपले नाव व परवलीचा शब्द सांगावा किंवा पाहुणा म्हणून प्रवेश मागावा; की ती पेटी त्याच्या स्वतःच्या पडद्यावर, जणू त्याच्याच घरातली असावी तशी, प्रकट होई. परवलीचा शब्द तारेवरून उघडा जाऊ नये म्हणून दोन्ही यंत्रे एका यदृच्छेने काढलेल्या अंकावर त्या शब्दाचा संस्कार करून केवळ फलित ताडून पाहत असत. मजकूर मात्र उघडाच जाई. कारण तार घरातलीच, असा त्या काळचा विश्वास होता.

यंत्राने प्रथम विचारलेला प्रश्न पाहावा : मालक कोण? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची सारी अधिकारांची उतरंड बसविलेली होती. प्रत्येक पेटीला तीन प्रकारची माणसे : मालक, मालकाने नेमलेला एखादा मनुष्य वा गट, आणि सर्वजण. प्रत्येकाला तीन प्रकारचे हक्क : आतल्या पेट्या पाहणे, आतल्या फाइली पाहणे, आणि फेरफार करणे. गाभारा, अंतराळ आणि सभामंडप यांत कोणी कोठवर जावे याची आखणी जिथे रोज डोळ्यांपुढे असते, त्या आपल्या समाजाला ही रचना समजावून सांगावयास नको. तिच्यातील एक मेळ तर विशेष सुंदर आहे. सर्वांना फेरफाराचा हक्क द्यावा, परंतु पाहण्याचे दोन्ही हक्क काढून घ्यावे. मग ती पेटी देवळातील दानपेटी होते. ज्याला टाकावयाचे त्याने टाकावे. आत काय आहे हे टाकणाऱ्यालाही दिसत नाही, आणि उघडण्याचा अधिकार ज्याचा त्याचाच राहतो. तीन माणसे आणि तीन हक्क एवढ्या नऊ चौकोनांत विश्वासाचे इतके बारकावे मांडता येतात, हे पाहून कायद्याच्या मसुदेकारालाही हेवा वाटावा.

आपल्या देशाच्या कायद्याने हाच प्रश्न हाती घेतला तो पुढे नऊ वर्षांनी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३ व्या कलमात मालकाच्या किंवा संगणकाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे, त्यातील माहिती उतरवून घेणे, हे दायित्वास कारण मानले आहे. 'परवानगी' हा त्या कलमाचा कणा. परंतु परवानगी कोणी, कोणाला, किती दिली, हे ठरविण्याचे साधन नसेल तर तो कणा उभा राहावा कशावर? नऊ चौकोनांचे ते पटल म्हणजे यंत्राच्या भाषेत लिहिलेला परवानगीचा दस्तच होता.

या व्यवस्थेचा वेग आज हास्यास्पद वाटेल. २,३०,४०० बिट म्हणजे सेकंदाला २८,८०० बाइट. ८०० किलोबाइटांची एक भरलेली फ्लॉपी त्या तारेवरून जाण्यास, तार अखंड भरून वाहिली तरी, २८ सेकंद लागणार. प्रत्यक्षात यंत्रांच्या सभ्य विचारपुशीमुळे त्याहून पुष्कळच जास्त. त्याच काळातील इथरनेटचा वेग याच्या ४३ पट होता. परंतु वेगाच्या हिशेबात न मावणारी एक गोष्ट या तारेजवळ होती, आणि तिच्यासाठीच तिची आठवण आज ठेवावयाची.

मॅकिंटॉशवरील फाइल ही जोडफळासारखी असते. तिच्या एका शाखेत मजकूर, तर दुसऱ्या शाखेत त्या मजकुराची साधने : खिडक्या, चित्रखुणा, आणि फाँटच्या बाबतीत तर प्रत्यक्ष अक्षरांचे साचे. बाहेरच्या जातीच्या यंत्रावर अशी फाइल सरळ उतरविली की दुसरी शाखा गळून पडते. जुन्या फाँटची फाइल अशी उतरविल्यास नाव तेवढे शाबूत, आणि आत शून्य बाइट! अ‍ॅपलटॉकच्या तारेवरून मात्र दोन्ही शाखा अभंग जात.

हा प्रश्न मराठी वाचकांना परका नाही. सिस्टिम ७ ज्या वर्षी आली, त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला स्थान मिळाले. परंतु ती पद्धत सर्वत्र रुजण्यास पुढे अनेक वर्षे गेली. मधल्या काळात संगणकावर जुळविलेला देवनागरी मजकूर, यंत्र कोणतेही असो, बहुधा रोमन अक्षरांच्या घरात देवनागरीचे साचे बसवून जुळविलेला आहे. अशा मजकुरातून त्याचा फाँट काढून घेतला की उरते ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग. देवस्थानांच्या स्मरणिका, कुलवृत्तांत, उत्सवांच्या हिशेबवह्या, लहानसहान नियतकालिकांचे अंक असे कितीतरी लेखन त्या वर्षांत याच रीतीने जुळविले गेले. जेथे छापील प्रत आहे तेथे चिंता कमी. जेथे ती नाही, तेथे मजकूर वाचविणे म्हणजे फाइल वाचविणे, आणि फाइल वाचविणे म्हणजे तिचा फाँटही तिच्यासह वाचविणे होय.

ही तार पुढे तुटत गेली. १९९८ सालच्या आयमॅकमध्ये ते जुने छिद्रही नव्हते आणि फ्लॉपीही नव्हती. २००९ साली मॅक ओएस एक्सच्या १०.६ या आवृत्तीतून अ‍ॅपलटॉकच काढून टाकले गेले. त्याला कारणेही सबळ होती. "कोण आहे?" अशी हाळी दोन यंत्रांत शोभते, हजारो यंत्रांत तिचाच कोलाहल होतो. शिवाय तोवर इंटरनेटची भाषा सर्व यंत्रांची समान भाषा झाली होती. तरीही जुन्या कल्पना नाहीशा झाल्या नाहीत. २००२ साली अ‍ॅपलने आणलेली आणि पुढे 'बॉन्जूर' या नावाने रूढ झालेली पद्धत म्हणजे त्याच विचाराचा नवा अवतार होय : क्रमांक आपला आपण शोधावा, नाव आपले आपण सांगावे. आज घरातील प्रिंटर दूरध्वनीच्या पडद्यावर आपोआप दिसतो, त्यामागे पंगतीत पान विचारणारा तोच जुना गृहस्थ आहे.

जुन्या तारेलाही वाली मिळाला. १९९० साली मिशिगन विद्यापीठात 'नेटाटॉक' या मुक्त प्रणालीचा जन्म झाला. तिच्यामुळे युनिक्स जातीचे यंत्र मॅकिंटॉशशी त्याच्याच भाषेत बोलू लागले. तिच्याही २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीतून अ‍ॅपलटॉक वगळण्यात आले होते. परंतु स्वयंसेवकांनी २०२४ साली चौथ्या आवृत्तीत ते परत आणले. ज्या संस्थेने ती भाषा घडविली तिने ती सोडल्यानंतर पंधरा वर्षांनी, कोणत्याही मोबदल्यावाचून, हे काम झाले आहे.

यातून व्यवहाराला लागू पडणारी वाट निघते. १९८६ चा मॅकिंटॉश प्लस आणि एखादा नंतरचा मॅकिंटॉश, ज्याच्यापाशी जुने छिद्रही आहे आणि इथरनेटही, अशी दोन यंत्रे तारेने जोडावीत. पहिल्यातील कागद दुसऱ्यात आणि तेथून नेटाटॉक चालविणाऱ्या आजच्या यंत्रात न्यावेत. ८०० किलोबाइटांची जुनी मॅकिंटॉश फ्लॉपी आज बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्लॉपी-वाचकांना वाचता येत नाही. कारण ती लिहिताना तबकडीचा फिरण्याचा वेग पट्ट्यापट्ट्यागणिक बदलत असे. म्हणून जुन्या यंत्राची साक्ष जुन्या यंत्राच्याच तोंडून काढावी लागते. आणि हा साक्षीदार वृद्ध आहे. त्या पिढीतील पुष्कळ यंत्रांच्या पोटातील लहानशी बॅटरी कालांतराने फुटून मुख्य विद्युत्पट्टी खाऊन टाकते. धारित्रे पाझरू लागतात. साक्षीदार हयात आहे तोवर त्याचा जबाब नोंदवून घ्यावा, हा न्यायालयातील नियम येथेही तितकाच लागू आहे.

आज आपण आपले कागद सामायिक करतो, तेव्हा ते बहुधा कोणा तिऱ्हाइताच्या कोठीत ठेवतो आणि त्याच्या परवानगीने एकमेकांना दाखवितो. त्यात सोय मोठी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कोठी त्याची, किल्ली त्याची, अटीही त्याच्या, आणि त्या अटी न वाचताच आपण त्यांखाली संमती नोंदवितो. १९९१ च्या त्या पटलावर अटी लिहिणारा मालक स्वतःच होता. मधे फक्त एक तार होती, आणि ती कोठून कोठे गेली आहे हे घरातील प्रत्येकाला दिसत होते. ज्या संस्थांपाशी आपल्या कुळाचे, देवस्थानाचे वा गावाचे कागद यंत्रात पडून आहेत, त्यांच्या कार्यकारी मंडळाने पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत : ते यंत्र अजून सुरू होते काय, आणि त्या कागदांची किल्ली आज कोणाच्या हाती आहे?